बादोंग रेड्याचे मागचे पाय

मी टीव्हीवर होतो. हे वाक्य मी जन्मभर जपून वापरलंय, कारण त्याच्यामागनं प्रश्न येतात. कशात होता? लहान मुलांच्या कार्यक्रमात. कोण होता? रेडा. इथवर समोरच्याचा चेहरा उजळलेला असतो. "सबंध रेडा?" असं विचारायचं मात्र कुणाला सुचत नाही, आणि आपणहून सांगण्याइतका मीही खुळा नाही.

रेड्यात माणसं दोन असायची. पुढं फेलिसिमो, म्हणजे आमचा सिमो, मागं मी.

माझं नाव एलेउतेर्यो. पण एवढं नाव घ्यायला वेळ कुणाला आहे, म्हणून तेर्यो. सेबू बेटावरच्या कारकार गावात बूट-चपला शिवणाऱ्यांची आळी आहे. तिथं बापानं मला पायताण शिवायला शिकवलं आणि त्याच धंद्यात माझे केस पिकले. मधली काही वर्षं तेवढी रेड्यात गेली.

त्या काळच्या पोरांना अजून थोडंथोडं आठवतं. शनिवारी दुपारी सेबूच्या केंद्रावरनं 'बादोंगचं अंगण' लागायचं. त्यात तिया लुमिंग नावाच्या बाई गोष्ट सांगायच्या, कुंपणावर बसलेला बाहुलीतला कोंबडा सगळ्यांची टिंगल करायचा, आणि अंगणात बादोंग नावाचा रेडा उभा असायचा. बादोंग बोलायचा नाही. होय म्हणायचं तर मुंडी हलवायचा, नाही म्हणायचं तर शेपटी. म्हणजे होकार सिमोच्या खात्यात आणि नकार माझ्या. पुढं संसारात नकाराचं खातं माझ्याकडं कधी आलं नाही. जे काय नाही म्हणून घेतलं ते त्या शेपटीनं.

मी त्यात शिरलो तो खुरांपायी. केंद्राला कातड्याचे खुर हवे होते. बापानं काम घेतलं, शिवले मी. माप कुणाचं घ्यायचं? मला माझ्या पायाशिवाय दुसरा पाय हाताशी नव्हता. खुर पोचवायला गेलो तर तिथं बोंबाबोंब. मागच्या पायांचा माणूस जहाजावर नोकरी मिळाली म्हणून पसार झालेला, आणि कार्यक्रम सुरू व्हायला आलेला. दिग्दर्शकानं मला खालपासून वर न्याहाळलं. म्हणाला, "ए पोरा, हे खुर घालून दाखव."

बसले. न बसून जातात कुठं?

"देवानं धाडलाय ह्याला!" तो ओरडला. देवानं नव्हे, बापानं धाडलं होतं, आणि येताना मीठ आणायला सांगितलं होतं. ते मीठ राहिलंच.

रेड्याच्या आत अंधार, उकाडा आणि खळीचा वास. दोन्ही हातांनी सिमोचा पट्टा धरायचा, कमरेत वाकायचं आणि तो जाईल तिकडं जायचं. सिमो नाटकात नाचणारा गडी, अंगानं हलका, पण कार्यक्रमाआधी लसणीच्या सिरक्यात बुडवून सुकट खायची त्याची सवय. लोकांनी त्या टीव्हीवर काय काय बघितलं असेल. मी सिमोची पँट बघितली. करड्या रंगाची होती आणि उजव्या खिशाखाली ठिगळ होतं. कार्यक्रम जसा घडे तसा तिथल्या तिथं दाखवला जायचा, त्यामुळं तो चालू असताना मी रेड्यात, आणि रेड्यातनं बाहेर येईतो तो संपलेला. आपण कसे दिसतो ते मला आजतागायत ठाऊक नाही. आई औषधाच्या दुकानातल्या टीव्हीसमोर गर्दीत उभी राहून बघून यायची आणि म्हणायची, "झ्याक झालं रे. शेपूट दिसली तुझी."

दर शनिवारी कुठल्यातरी शाळेची पोरं यायची आणि त्यातल्या एकाला बादोंगच्या पाठीवर बसवायचे. आता रेड्याची पाठ म्हणजे काय? वर गोणपाट, त्याखाली बांबूच्या कामट्या, आणि त्याखाली माझी पाठ. पोरं टाचा मारत, उड्या मारत, मी "हूं हूं" करत अंगणाला एक चक्कर मारायचो. टाळ्या पडल्या की सिमो मुंडी लववून त्या स्वीकारायचा.

माझ्या कारकिर्दीतला सगळ्यात मोठा प्रसंग पाठीवरच घडला. एक पोर बसवलं होतं. गोणपाटाच्या फटीतनं मला त्याचे फक्त बूट दिसत होते. नवे, तपकिरी, पितळी बक्कलवाले. पोर बसल्यापासनं थरथरत होतं. अर्ध्या चकरेत माझ्या पाठीवर काहीतरी ऊन ऊन उतरलं. आधी वाटलं, दिव्यांची धग असेल. पण दिव्यांची धग मानेवरनं ओघळून कानात जात नाही.

अंगणात पत्र्याचं एक तळं केलं होतं, त्यात प्लास्टिकची बदकं सोडलेली. बादोंगनं त्यात फक्त डोकवायचं, आजूबाजूला विजेच्या तारा आहेत, असं दिग्दर्शकानं बजावून ठेवलं होतं. सिमो डोकवायला म्हणून थांबला आणि मी बसलो. सरळ बैठक मारली तळ्यात, पोरासकट. पाणी उसळलं, कुठंतरी फट्कन दिवा फुटला आणि सगळ्या सेबूत टीव्हीवर 'थोडा वेळ थांबा'ची पाटी लागली. एवढंही सांगतो, त्या पोराची लाज राखायला वगैरे मी बसलो नव्हतो. मला माझा कान धुवायचा होता.

दिग्दर्शक किंचाळला, "रेड्याला डोकं आहे का नाही?"

सिमो आतनं म्हणाला, "डोकं इथं आहे साहेब. हा निर्णय दुसऱ्या टोकाला झाला."

पुढं कार्यक्रम बंद पडला. सिमो जहाजावर आचारी म्हणून गेला आणि मी परत चपलांवर आलो. लग्नाआधी सांतिंगला, म्हणजे बायकोला, मी खरं काय ते सांगितलं होतं. ती म्हणाली, "बरंय की. कमरेत वाकायची सवय आधीच झालीय."

आता ही जुनी शेपटी पुन्हा हलवायची वेळ का आली, ते सांगतो.

माझा पोरगा रेनिल माझ्याच हाताखाली बूट शिवतो. अर्गाव गावची जेसाबेल नावाची मुलगी, सेबूच्या दवाखान्यात नर्स, एकदा सँडलचा तुटलेला पट्टा घेऊन दुकानात आली. मग तिचे पट्टे फारच तुटायला लागले. शेवटी मीच रेनिलला म्हटलं, "अरे, एकदा नीट शीव, नाहीतर लग्न कर."

पण तिचा बाप मामेर्तो म्हणजे त्यांच्या वस्तीचा कापितान. निवडून आलेला माणूस, भरदार, आवाजात हुकूम. पोरीनं कॅनडाला जावं म्हणून त्यानं सगळी तयारी करून ठेवलेली. चांभाराच्या पोराचं नाव काढलं की तो पेपर उघडून बसायचा. एके दिवशी काहीच चालेना म्हणून रेनिल बोलून गेला, "काप, माझे तातायच बादोंग होते. टीव्हीवरचा."

कापितानानं पेपर खाली ठेवला म्हणे. "अंगणातला बादोंग? घेऊन ये तुझ्या बापाला."

रेनिल नाचत घरी आला. सांतिंग माझ्याकडं बघत राहिली. मी सिमोच्या पँटीकडं बघावं तसा भिंतीकडं बघत राहिलो.

आमच्याकडं मुलीचा हात मागायला जाणं म्हणजे पामालाये. त्यात मुलीच्या घरच्यांचा एक दाणाही खर्च होता कामा नये. भाजलेलं डुक्कर, नारळाच्या पानात विणून शिजवलेला भात, शेवया, ताडी, पेले, ताटं, मीठ, प्यायचं पाणी, सगळं मुलाकडच्यांनी वाहून न्यायचं. आम्ही भाड्याच्या गाडीत ते रचलं आणि उरलेल्या जागेत स्वतःला कोंबलं. मी आठवणीनं मीठ घेतलं. एकदा विसरलेलं मीठ माणसाला कुठं नेतं ते मला ठाऊक होतं.

गाडीत सांतिंगनं बजावलं, "विचारल्याबिगर बोलू नका. आन् विचारलं, तर पुढच्या पायांसारखं बोला."

अर्गावला उतरलो तर दारात ही गर्दी. कापितानानं अख्ख्या आळीला सांगून ठेवलेलं, आज बादोंग येणार. खिडक्यांत माणसं, कुंपणावर माणसं. एक म्हातारा माझ्या दंडाला हात लावून बघत होता. आत वेताच्या खुर्चीत कापितानाची आई, लोला उर्बाना, म्हणजे उर्बाना आजी, जुन्या पद्धतीनं विडीचं जळतं टोक तोंडात घेऊन बसलेली. तिनं मला एकदा बघितलं आणि धूर गिळला.

पामालायेत मुद्द्याचं कुणी आधी बोलत नाही. हवापाण्याचं बोलायचं, कोंबड्यांचं बोलायचं. आमच्यात बादोंगचं सुरू झालं.

"काय तो गळ्यातला लाल रुमाल," कापितान म्हणाला.

"निळा," त्याचा धाकटा भाऊ तिनोंग म्हणाला.

"लाल, तिनोंग. डोळ्यांनी बघितलाय मी."

"मग मी काय कोपरानं बघितला?"

"टीव्ही काळापांढरा होता रे गाढवांनो," लोला उर्बाना म्हणाली.

"तरीबी लालच दिसायचा, नानाय!"

मग तिया लुमिंगच्या गालावर तीळ होता का नव्हता, कोंबड्याला एक डोळा होता का दोन, शेवटचं गाणं केळीवर होतं का पावसावर, ह्यावर खिडकीतल्या माणसांसकट सगळ्यांची जुंपली. जो तो आपल्या आठवणीच्या अर्ध्या तुकड्यासाठी दुसऱ्याच्या अंगावर धावून जात होता. शेवटी कापितानानं हात वर केला.

"भांडता कशाला? घरात साक्षात बादोंग बसलाय. नोंग तेर्यो, सांगा बघू. लाल का निळा?"

मला नोंग, म्हणजे दादा, म्हणाला तो. लाल म्हणालो असतो तर भागलं असतं. पण तिनोंगनं लगेच पुढचा टाकला, "आन् तीळ कुठल्या गालावर?"

"कोंबड्याचा डोळा?" खिडकीतनं आलं.

मी घाम पुसला. "मला ठाऊक नाही."

"म्हणजे? तुम्ही तिथंच होता न्हवं?"

"होतो. पण मागं होतो."

"कशाच्या मागं?"

"सिमोच्या."

कोपऱ्यात जेसाबेलनं डोळे मिटले.

"काप, रेड्यात माणसं दोन असतात," मी म्हटलं. "पुढं सिमो होता. रुमाल त्याच्या गळ्यात, तीळ त्याच्या डोळ्यांसमोर. मी पाठीमागचा. मला त्याची पँट दिसायची. पँटीचं काय विचारायचं असेल तर विचारा."

तिनोंगला हसू आवरेना. "म्हणजे अख्खी आळी गोळा केली ती रेड्याचं ढुंगण बघायला!"

सांतिंग उसळली. "ढुंगणाबिगर रेडा उभा राहतो का रे? तुझा राहतो का बघ!"

बाहेर हशा पिकला, पण कापितान हसला नाही. त्याचा चेहरा असा उतरला, जणू कुणी त्याच्या घरातनं कायतरी उचलून नेलं होतं. तो रेनिलकडं वळला. "तू मला म्हणाला होतास..."

"तातायच होते की, काप. मी खोटं कुठं बोललो? मागनं का होईना, पण तेच."

"जेसाबेलला कॅनडातनं बोलावणं आलेलं आहे," कापितान सावकाश म्हणाला. मग उठला. "तुम्ही लांबनं आलाय. आधी जेवून घ्या."

आमच्यात बोलणं आधी आणि जेवण मागनं. बोलण्याआधीच कुणी 'जेवून घ्या' म्हणालं, की समजायचं, ताटं धुवायची आणि परत गाडीत भरायची. रेनिल खाली बघत राहिला. माझ्या मागच्या पायांनी पोराचं लग्न मोडलं होतं.

"थांब," लोला उर्बाना म्हणाली. तिनं विडी तोंडातनं काढली. "मामेर्तो, ती तुझी तळ्याची गोष्ट सांग ह्यांना."

"आता कशाला, नानाय?"

"सांग म्हटलं तर सांग."

"शंभरदा ऐकलीय," तिनोंग पुटपुटला.

कापितान उभ्याउभ्याच बोलायला लागला. सुरवातीला नाइलाजानं, पण दोन वाक्यांत त्याचा आवाज पोराचा झाला. "आमची शाळा नेली होती. पाठीवर बसायला बाईंनी मला उचललं. नानायनं त्या दिवसासाठी नवे बूट घेतलेले, पितळी बक्कलाचे. सगळ्या शाळांची पोरं बादोंगवर बसलीत, पण तळ्यात त्यानं कुणाला नेलं नाही. मला एकट्याला नेलं! दिवे गेले, पाणी उडालं, सगळी पोरं ओरडतायत, आणि मी बादोंगच्या पाठीवर भिजून चिंब. मला तेव्हाच वाटलं, ह्याला कळलं. ह्या मुक्या जनावराला..."

आणि तो थांबला. त्याचे कान लाल झाले.

"काय कळलं?" तिनोंगनं विचारलं.

"काही नाही. असंच."

माझ्या मानेवरनं इतक्या वर्षांनी पुन्हा काहीतरी ऊन ओघळलं. ते बक्कल. तो हा! एवढा भरदार माणूस, वस्तीचा कापितान, आणि माझ्या कानात...

तिनोंगला कुठं थांबायचं ते कधीच कळलेलं नसावं. "अहो पण मग सोपंय की! नोंग, तुम्ही आतच होता. रेडा तळ्यात बसला म्हणजे आधी मागचाच बसला असणार. का हो बसवलं त्यालाच पाण्यात?"

खिडकीतली माणसं आत वाकली. कापितानानं माझ्याकडं बघितलं. हुकूम करायची सवय असलेले डोळे होते, पण आता त्यांत फक्त एक पोर थरथरत बसलं होतं. मी खरं बोललो असतो तर आळीभर हसू झालं असतं आणि पुढच्या निवडणुकीत लोकांनी भिंतींवर तळं रंगवलं असतं. सांतिंगनं मेजाखालनं माझा पाय दाबला. तिला कानाची गोष्ट ठाऊक होती. तो कान कुणामुळं धुवावा लागला ते तिलाही आत्ता कळलं होतं.

"तिनोंग," मी म्हटलं, "मागच्याला काय विचारतोस? मागचा म्हणजे पुढचा नेईल तिकडं जाणारं गाढव. अंधारात पाय घसरला, बसलो. कशात बसलो ते पाणी लागल्यावर कळलं. आयुष्यात मी जिथं जिथं बसलोय तिथं असाच बसलोय. सिमोला काय वाटलं, बादोंगला काय कळलं, ते पुढच्या टोकाला ठाऊक. माझ्या टोकाला नुसती शेपूट होती."

"अगदीच बिनकामाचं टोक की हो!" तिनोंग म्हणाला, आणि सगळे मला हसले. खिडकीतला म्हातारा इतका हसला की त्याला ठसका लागला. मीही हसलो. हसू माझ्यावर असलं की मी घरातल्या कपड्यात असल्यासारखा असतो.

कापितान सावकाश खाली बसला.

"मामेर्तो," लोला उर्बाना म्हणाली, "जेवण थांबव. आधी बोलणं करा."

"काय बोलायचंय?" कापितान म्हणाला. "ह्यांनी मीठसुद्धा आणलंय. जेसाबेल, तुला कॅनडाला जायचंय का ह्या पोराशी लग्न करायचंय?"

"दोन्ही, ताताय," जेसाबेल म्हणाली. "बूट तिकडंबी फाटतात."

मग मात्र तोही हसला.

जेवणं झाल्यावर लोला उर्बानानं मला हाक मारली. "चल, मला मागच्या पायऱ्या उतरव. कोंबड्यांना घालायचंय." मी तिचा दंड धरला. खाली अंगणात कुणी नव्हतं. ती भाताची शितं टाकत म्हणाली, "त्या दिवशीची त्याची चड्डी मी धुतली होती."

मी कोंबड्या मोजायला लागलो.

"तळ्याच्या पाण्याला तसला वास येत नसतो."

"मला काय ठाऊक, लोला? मी मागं होतो."

"तेच म्हणते मी. मागं होतास म्हणून तुझ्याशिवाय कुणाला ठाऊक असणार?" तिनं विडीचं जळतं टोक पुन्हा तोंडात घातलं आणि कोंबड्यांकडं बघत म्हणाली, "पोरगी बिनघोर देते तुमच्या घरात. गोष्ट बाहेर जात नाही."

लग्नात कापितानानं मला खांद्याला धरून पाहुण्यांपुढं उभं केलं. "हे बादोंग," तो म्हणाला. आणि जरा थांबून म्हणाला, "सबंध." टाळ्या पडल्या. सिमोसारखी मुंडी लववावी म्हणून मी वाकलो, तर सांतिंग मागनं म्हणाली, "शेपूट हलवू नका, सगळे बघतायत."

तुम्ही म्हणाल, मग आता ही गोष्ट चव्हाट्यावर का मांडली? ती मी नाही मांडली. गेल्या पावसाळ्यात नातवाचा वाढदिवस होता. रेनिल आणि जेसाबेल कॅनडातनं पोराला घेऊन आले होते. पोराला बसायला घोडा हवा होता. मी गुडघे टेकायला लागलो, तर माझी कंबर वाजली आणि कापितान म्हणाला, "नोंग, तुमचं झालं. आता मी." आणि तो भरदार माणूस पाहुण्यांदेखत चारी पायांवर झाला. पोर पाठीवर बसलं, टाचा मारायला लागलं. अर्ध्या चकरेत कापितान थांबला. त्याच्या पांढऱ्या सदऱ्यावर, पाठीवरनं खाली, एक डाग पसरत चालला होता.

"अगं बाई, ह्यानं केलं!" जेसाबेल धावली. तिनोंग हसून लोळायला लागला.

कापितान उठला नाही. तसाच रांगत, पाठीवर पोर घेऊन, हौदाच्या बाजूला गेला, तिथं पाणी भरलेलं मोठं घमेलं होतं त्यात त्यानं बैठक मारली. पाणी उसळलं. पोर खदखदून हसलं.

"आता कळलं का रे तिनोंग, बादोंग तळ्यात का बसला ते?" कापितान ओरडला. मग माझ्याकडं बघून, डोळ्यांतनं पाणी येईस्तोवर हसत म्हणाला, "नोंग! आईच्यान सांगतो, एवढं ऊन असतं हे मला माहीत नव्हतं हो!"

"कानात गेलं का?" मी विचारलं.

"नाही."

"मग काहीच नाही," मी म्हणालो, आणि उशिरानं का होईना, पुढच्या टोकासारखी मुंडी हलवली.